इंधनाची आच आणि पुटाचे तापमान

भस्माची सिद्धी अग्नीवर अवलंबून असते, हे आपण सर्व जाणतो. प्राचीन रसाचार्यांनी मात्र तापमानाचा अंक न देता खड्ड्याचे माप व गोवऱ्यांचे प्रमाण सांगितले. कपोतपुटास आठ वनोपले लागतात, तर गजपुटासाठी एक राजहस्त लांबी, रुंदी व खोलीचा खड्डा घ्यावा लागतो. आज अनेक औषधनिर्माते गोवऱ्यांऐवजी गॅसची भट्टी वापरतात. गॅसचा उष्मांक मोठा, म्हणून त्याची आचही तितक्याच पटीने तीव्र, असा समज त्यामागे आढळतो. तो कितपत खरा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आदर्श ज्वलन

इंधनास आवश्यक तेवढीच हवा मिळाली, ते पूर्ण जळाले आणि उष्णता बाहेर मुळीच गेली नाही, तर ज्वालेचे जे तापमान होईल ते त्या इंधनाचे सैद्धांतिक कमाल तापमान होय. हवेत जळताना ते मिथेनचे सुमारे १,९५० अंश सेल्सिअस, प्रोपेनचे व कोरड्या लाकडाचे सुमारे १,९८०, हायड्रोजनचे सुमारे २,२५० आणि ॲसिटिलीनचे सुमारे २,५०० अंश असते.

एक किलो घरगुती गॅसपासून साधारण ११,००० किलोकॅलरी, तर लाकडापासून साधारण ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. तरीही दोहोंचे कमाल तापमान जवळजवळ सारखेच! याचे कारण हवेत आहे. एक किलो गॅस जाळण्यास सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते, लाकडास सुमारे सहा किलो. उष्णता अधिक, तसा ती वाटून घेणारा वायूही अधिक. हवेतील सुमारे ७८ टक्के नत्रवायू स्वतः जळत नाही, केवळ तापतो. म्हणूनच शुद्ध प्राणवायूत ॲसिटिलीनची ज्वाला ३,००० अंशांच्याही वर जाते.

प्रत्यक्ष व्यवहार

पुटामध्ये ही आदर्श स्थिती कधीच नसते. उष्णता जमिनीत व आकाशात जाते, शरावसंपुट ती शोषून घेते. हवा आवश्यकतेच्या दुप्पट झाल्यास मिथेनचे सैद्धांतिक तापमानही सुमारे १,२०० अंशांपर्यंत उतरते. गोवरीतील प्रत्येक किलो पाण्याची वाफ होण्यात सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतात. प्रस्तुत लेखकाने एका पावसाळ्यात ओलसर गोवऱ्यांवर वंगभस्माचे पुट दिले. संख्या नेहमीचीच होती, परंतु भस्म वारितर झाले नाही. कोरड्या गोवऱ्यांनी पुन्हा पुटे द्यावी लागली.

याउलट, बंदिस्त गॅसभट्टीत उष्णता साठून तापमान झपाट्याने चढते. चांदी ९६२ अंशांस वितळते, जस्त ९०७ अंशांस उकळू लागते. त्यामुळे भस्मीकरण अपूर्ण असताना आच वाढल्यास चांदीचे गोळे होण्याचा व जस्त उडून जाण्याचा संभव असतो.

निष्कर्ष

तात्पर्य, पुटाचा अग्नी केवळ इंधनाच्या नावावर वा उष्मांकावर ठरत नाही. हवा, ओलावा, रचना व काळ हे घटक तितकेच निर्णायक आहेत. भट्टी बदलणाऱ्या निर्मात्यांनी प्रथम पारंपरिक पुटात थर्मोकपल ठेवून तापमान किती चढते, किती वेळ टिकते व स्वांगशीत होण्यास किती अवधी लागतो, याची नोंद करावी आणि नव्या भट्टीत तोच क्रम साधावा. वारितर, रेखापूर्ण, अपुनर्भव व निरुत्थ या परीक्षा प्रत्येक घाण्यास कराव्यात. अपक्व भस्माचे परिणाम अखेर रुग्णालाच भोगावे लागतात, याचे भान आपण सर्वांनी ठेवणे अगत्याचे आहे.