कानाखालील सूज : लालाग्रंथीच्या क्षयाचे निदान

आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुक असो वा राज्यातील अन्य कोणतेही गाव, कानाखाली सूज दिसताच ‘गालगुंड झाले’ असे म्हणून लेप लावला जातो. पुष्कळदा हा तर्क बरोबरही ठरतो. गालगुंड हा विषाणूंमुळे होणारा विकार असून ताप व वेदना यांसह येणारी सूज साधारणतः आठ-दहा दिवसांत ओसरते. परंतु सूज दोन आठवड्यांनंतरही कायम असेल, दुखत नसेल आणि हळूहळू वाढत असेल, तर तिचे कारण निराळे असू शकते. लालाग्रंथीचा क्षयरोग हे अशा कारणांपैकी एक होय.

लाळ निर्माण करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात : कानापुढील, जबड्याखालील व जिभेखालील. लाळेचा सततचा प्रवाह आणि तिच्यातील जंतुरोधक घटक यांमुळे क्षयजंतूंना तेथे सहसा थारा मिळत नाही. म्हणूनच हा प्रकार विरळा आहे. तथापि, कानापुढील ग्रंथीच्या आत लसिकाग्रंथीही असतात. रक्त वा लसिका यांच्यावाटे क्षयजंतू तेथे पोहोचू शकतात. अनेक रुग्णांना खोकला नसतो, ताप नसतो आणि वजनही घटलेले नसते. त्यामुळे क्षयाची शंका रुग्णाला येत नाही आणि प्रसंगी डॉक्टरांनाही येत नाही.

निदानातील खरी अडचण येथेच आहे. लाळेच्या नलिकेत खडा असल्यास जेवताना सूज व वेदना वाढते. मात्र अर्बुदाची गाठ क्षयाच्या गाठीसारखीच हळूहळू व वेदनेविना वाढते. सोनोग्राफीने गाठीचे स्थान व स्वरूप कळते, पण दोहोंतील भेद निश्चित होतोच असे नाही. परिणामी अर्बुद समजून शस्त्रक्रिया केली जाते आणि काढलेल्या भागाच्या तपासणीत क्षय आढळतो, असे घडत आले आहे. चेहऱ्याच्या हालचाली घडविणारी मज्जा याच ग्रंथीतून जाते. तिला इजा झाल्यास तोंड वाकडे होते व डोळा मिटत नाही. औषधाने बरी होणारी गाठ कापण्यापूर्वी सुईने तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

या तपासणीत बारीक सुईने गाठीतील पेशी व द्रव काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. क्षयाचे विशिष्ट पेशीसमूह आढळल्यास संशय बळावतो. नमुन्याचा एक भाग क्षयजंतूंच्या शोधासाठी सीबीनॅट चाचणीस व जंतुसंवर्धनास पाठवावा लागतो. हा भाग फॉर्मेलिनमध्ये ठेवू नये; त्याने जंतू मरतात आणि संवर्धन निष्फळ होते. गाठीत जंतू थोडे असल्याने एक अहवाल नकारार्थी आला म्हणून क्षय नाही असे मानता येत नाही. छातीची क्ष-किरण तपासणी, एचआयव्ही व मधुमेह यांच्या चाचण्याही आवश्यक असतात.

निदान झाल्यावर साधारणतः सहा महिने औषधोपचार पुरेसा होतो : प्रथम दोन महिने चार औषधे, नंतर चार महिने तीन. शासकीय केंद्रांत ती मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेखाली नोव्हेंबर 2024 पासून उपचारकाळात दरमहा 1,000 रुपये साहाय्य दिले जाते. उपचाराच्या प्रारंभी गाठ काही काळ वाढल्यासारखी वाटली, तरी औषध मनाने थांबवू नये, डॉक्टरांस दाखवावे.

अवसरी बुद्रुकच्या रहिवाशांना मंचरचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. अधिक तपासणीसाठी पुण्याचे ससून रुग्णालय आहे. तेथवर रुग्ण वेळेवर पोहोचणे हे मात्र गावावर अवलंबून असते. वर्गातील मुलाची न ओसरणारी सूज शिक्षकाच्या नजरेस प्रथम पडू शकते. फुप्फुसे निरोगी असल्यास अशा गाठीपासून इतरांस सहसा संसर्ग होत नाही, हे पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत सांगितल्यास लपवाछपवी कमी होईल. लेप लावून महिने घालविण्यापेक्षा पंधराव्या दिवशी दवाखाना गाठणे, हाच यावरील सोपा उपाय होय.