मंदिर खुलं, पण वाटा?

प्रश्न : श्रावणात मुलांना घेऊन भीमाशंकरला जायचंय. मंदिर बारमाही खुलं असतं, म्हणजे धबधब्यांकडेही केव्हाही जाता येईल ना? शिडी घाटाने चढावं का?
– एक वाचक, दौंड

उत्तर : मंदिर खुलं म्हणजे जंगलवाटा खुल्या, असं नाही. भीमाशंकर १९८५पासून अभयारण्य आहे. जोराच्या पावसात वन विभाग धबधब्यांकडे जायला बंदी घालतो, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. पायथ्याच्या खांडस गावाहून चढणाऱ्या शिडी घाटात कातळ शेवाळतो, लोखंडी शिड्या निसरड्या होतात. मुलांना तिथे नेऊच नका. गणेश घाट लांबचा, पण सोपा. मुलं लहान असतील तर पुण्याहून एसटीने थेट वर जा. धबधबे हुकतील ही काळजी नको, सप्टेंबरअखेर पाऊस ओसरतो, तरी ओढ्यांना पाणी असतं. नशीब असेल तर शेकरूही दिसेल. धबधब्यांसाठी सप्टेंबरअखेरच जा.