खोलीतली दुसरी खाट

आपल्याकडे तालमीत वस्ताद असतो. तो पोरांना डाव शिकवतो. कुणी खचला तर पाठीवर हात ठेवतो, कुणी माजला तर कान धरतो. अमेरिकेतल्या कॉलेजांत खेळाच्या संघालाही असा एक वस्ताद असतो. त्याला कोच म्हणतात. या पाठात आम्ही अशाच एका कोचची हकिकत सांगणार आहोत. त्यांचे नाव ब्रँच रिकी.

रिकी शिकवीत तो खेळ बेसबॉल. हा खेळ थोडा क्रिकेटसारखा, थोडा निराळा. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ गडी असतात. मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. एक गडी चेंडू फेकतो. समोरचा गडी तो दांडूने टोलवतो आणि धावत सुटतो. तिन्ही ठाणी ओलांडून तो घरच्या ठाण्यावर परत आला, की एक धाव झाली. टोलवणाऱ्याच्या मागे बसून चेंडू झेलतो, तो कॅचर. रिकी स्वतः कॅचर होते.

शेतकऱ्याचा मुलगा

रिकींचा जन्म १८८१ साली ओहायो राज्याच्या खेडवळ भागात झाला. घर शेतकऱ्याचे. पैसा बेताचा, पण पुस्तकांची गोडी मोठी. लहान वयातच ते एका खेड्यातल्या शाळेत मास्तर झाले. दिवसा पोरांना शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पुस्तक पुढ्यात घेऊन आपले आपणच लॅटिन भाषा शिकायची. शिकवायला कोणी नाही म्हणून ते अडून बसले नाहीत. पुढे ते ओहायो वेस्लियन या कॉलेजात गेले.

घरी धर्माचे वळण कडक. रविवारी खेळणार नाही, असा शब्द त्यांनी आईला दिला होता. १९०४ साली सिनसिनाटीच्या मोठ्या संघात त्यांना जागा मिळाली. पण रविवारी खेळायला नकार दिला म्हणून ती गेलीही. शब्द मात्र त्यांनी मोडला नाही.

कॉलेजात असताना सुट्टीत ते पैसे घेऊन खेळले होते. पैसे घेऊन खेळणाऱ्याला कॉलेजच्या संघात खेळता येत नसे. तेव्हा कॉलेजने त्यांनाच संघाचे कोच नेमले. वय अवघे बावीसच्या आसपास. शिकणारे गडीही जवळजवळ त्यांच्याच वयाचे.

हॉटेलातला प्रसंग

त्या संघात चार्ल्स टॉमस नावाचा एक काळा विद्यार्थी होता. बाकीचे सारे गोरे. एकदा हा संघ सामन्यासाठी साउथ बेंड गावी गेला. हॉटेलच्या कारकुनाने गोऱ्या मुलांना खोल्या दिल्या. टॉमसला मात्र जागा नाकारली. कारण एकच, त्याचा रंग! आपल्या देशातही जातीच्या नावाखाली माणसाला उंबऱ्याबाहेर उभे केले गेले आहे. म्हणून हा अपमान काय असतो, ते आपणास वेगळे सांगायला नको.

रिकी हटले नाहीत. टॉमस माझ्या खोलीत राहील, तिथे आणखी एक खाट टाका, असा त्यांनी आग्रह धरला. अखेर हॉटेलवाल्यांना मानावे लागले. त्या रात्री टॉमस खोलीत रडत बसला होता. हातावरचा काळा रंग जणू खरवडून काढावा, तसा तो आपले हात चोळीत होता. हा प्रसंग रिकी पुढे जन्मभर लोकांना सांगत आले.

पाहा बरं, त्या दिवशी रिकींच्या हातात होते तरी काय? हॉटेल त्यांचे नव्हते. देशातली रीत बदलण्याची ताकदही नव्हती. एक खाट मिळवता येत होती, तेवढी त्यांनी मिळवली. टॉमस पुढे शिकून दातांचे डॉक्टर झाले.

पडणे आणि उठणे

कोच म्हणून रिकी हुशार, पण खेळाडू म्हणून त्यांना फार यश आले नाही. १९०७ साली त्यांचा खांदा दुखावला होता. एका सामन्यात तर विरुद्ध बाजूच्या गड्यांनी त्यांना चकवून तेरा वेळा पुढचे ठाणे पळवले. पुढे क्षयाने गाठले. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न, हाच उपाय. ते एका आरोग्यधामात राहिले व बरे झाले.

मग त्यांनी मिशिगन विद्यापीठात वकिलीचा अभ्यास धरला आणि तिथल्याच बेसबॉल संघाचे कोचपणही पत्करले. १९१० ते १९१३ ते तिथे होते. जॉर्ज सिसलर हा त्यांचा तिथला शिष्य. सिसलरने १९२० साली एका हंगामात २५७ यशस्वी फटके मारले. तो विक्रम २००४ सालापर्यंत टिकला.

रिकींची शिकवण्याची रीत मास्तराची होती. नुसते “खेळा” म्हणून ते थांबत नसत. एकेक गोष्ट सुटी करून, घटवून घेत. ठाण्यावर घसरत कसे जायचे, हे शिकवायला पुढे त्यांनी वाळूचे खड्डे केले. चेंडू नेमका कुठून जावा, हे कळायला दोऱ्या ताणून चौकट बांधली.

१९१३ नंतर ते सेंट लुईस शहरातल्या धंदेवाईक संघांत गेले. कार्डिनल्स हा संघ गरीब होता. तयार खेळाडू विकत घ्यायला पैसा नव्हता. मग रिकींनी लहान गावांतले छोटे संघ जोडले आणि तिथे कोवळे खेळाडू तयार केले. आधी वाफ्यात रोप, मग शेतात लावणी, तसेच हे. १९२६ साली याच संघाने देशातले सर्वांत मोठे अजिंक्यपद जिंकले.

चाळीस वर्षांनंतर

अमेरिकेच्या मोठ्या संघांत सुमारे साठ वर्षे काळ्या खेळाडूंना मज्जाव होता. तसा लेखी कायदा नव्हता, पण सगळे मालक ती रीत पाळीत. १९४२ साली रिकी ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाचे कारभारी झाले. आता त्यांच्या हाती अधिकार आला.

१९४५ च्या ऑगस्टात त्यांनी जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला भेटीस बोलावले. मैदानात लोक काय काय बोलतील, ते रिकींनी स्वतःच त्याला तोंडावर शिव्या देऊन दाखवले. उलट हात न उगारण्याचे धैर्य तुझ्यात आहे का, असे विचारले. रॉबिन्सनने मान्य केले. एक वर्ष माँट्रियलच्या संघात खेळवून, १५ एप्रिल १९४७ रोजी रिकींनी त्याला ब्रुकलिनच्या मैदानात उतरवले.

पुढचे सोसणे रॉबिन्सनचे होते. प्रेक्षकांच्या शिव्या, धमकीची पत्रे, अंगावर फेकलेले चेंडू, सारे त्याने सोसले आणि खेळूनच उत्तर दिले. १९४९ साली तो आपल्या लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्या मागोमाग इतर संघांचीही दारे उघडली.

आम्ही एक गोष्ट लपवणार नाही. रिकी पक्के व्यवहारी होते. चांगले काळे खेळाडू आले तर संघ जिंकेल, तिकिटेही खपतील, हे ते जाणून होते. रॉबिन्सन आधी काळ्यांच्या ज्या संघात खेळत होता, त्याला त्यांनी मोबदला दिला नाही. माणूस मोठा म्हणून त्याचे सगळेच बरोबर, असे नसते. पण फायदा तर इतर मालकांनाही दिसत होता. पाऊल मात्र रिकींनी टाकले.

१९६५ साली भाषण करता करता ते कोसळले आणि काही आठवड्यांनी, ९ डिसेंबरला वारले.

मंडळी, अन्याय पाहून हळहळणारे पुष्कळ असतात. घरी गेले की विसरतात. रिकी विसरले नाहीत. हात रिकामे होते तेव्हा त्यांनी एक खाट मागितली. हाती अधिकार आला तेव्हा अख्खे मैदान उघडले.

शब्दांचे अर्थ
मज्जाव – बंदी, मनाई
धंदेवाईक – पैसे घेऊन काम करणारा
अजिंक्यपद – सगळ्यांना हरवून मिळवलेला मान
मोबदला – बदल्यात दिलेले पैसे

विचार करा आणि सांगा
१. रिकी लॅटिन भाषा कसे शिकले?
२. हॉटेलात टॉमसला जागा का नाकारली? रिकींनी काय केले?
३. रिकींनी रॉबिन्सनला स्वतःच शिव्या का दिल्या असतील?
४. तुमच्या गावात कुणाला एखाद्या जागी मज्जाव आहे का? तुम्हाला आज काय करता येईल? चार ओळी लिहा.