दौडीचे फोटो : हुनर आणि हिशेब

गेल्या पंधरा-वीस वर्षांत धावण्याच्या शर्यतींचे प्रस्थ आपल्याकडे चांगलेच वाढले आहे. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. वसई-विरार महानगरपालिकेने २०११ पासून आपली मॅरेथॉन भरवली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र झाल्यावर ती आपल्याच जिल्ह्याची शर्यत ठरली. मोठ्या शर्यती पाहून शाळा, क्लब, कारखाने आणि सेवाभावी संस्था पाच-दहा किलोमीटरच्या दौडी भरवतात. त्यातल्या बऱ्याच एखाद्या चांगल्या कामासाठी निधी जमवण्याच्या असतात.

दुसरीकडे पालघर आणि बोईसरच्या फोटो स्टुडिओवाल्यांची स्थिती वाचकांना ठाऊक आहेच. मोबाइल आल्यापासून साधे फोटो काढायला कोणी येत नाही. लग्नसराई संपली की कॅमेरा कपाटात जातो. अशा तरुणांसाठी दौडीचे फोटो हे एक नवे काम आहे. मात्र ते लग्नाच्या फोटोंसारखे नाही. त्याचा हुनर वेगळा आहे आणि हिशेबही वेगळा आहे.

गिऱ्हाईक कोण आणि माल कोणता?

धंदा कोणताही असो, पहिला सवाल हाच. धर्मादाय दौडीत धावणारा माणूस आपल्या नातेवाइकांकडून, दोस्तांकडून, कारखान्यातल्या सोबत्यांकडून देणगी गोळा करतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर चालते आणि युनायटेड वे मुंबई या संस्थेमार्फत तो निधी निरनिराळ्या संस्थांना पोहोचतो. ही रीत जुनी आहे. कर्करोगामुळे एक पाय गमावलेला टेरी फॉक्स हा कॅनडाचा तरुण १९८० साली निधी जमवण्यासाठी १४३ दिवस धावला आणि ५,३७३ किलोमीटर अंतर त्याने कापले. आजार उलटल्याने त्याला थांबावे लागले, पण १९८१ पासून त्याच्या नावाची दौड सुरू झाली.

आता विचार करा. ज्याने शंभर-दोनशे रुपये दिले, त्याला धावणारा माणूस काय दाखवणार? पैशाची पावती संस्था देते. मी खरोखर धावलो याची पावती म्हणजे फोटो. तो पाहून देणाऱ्याला समाधान वाटते आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा हात पुढे करतो. म्हणून अशा दौडीत फक्त पहिल्या तिघांचे फोटो काढणे म्हणजे काम अर्धवट सोडणे होय. पहिला येणारा आणि सर्वांच्या मागून चालत येणारे आजोबा, दोघांचीही पावती फाडली गेली पाहिजे. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आणि दौडीचा फोटोग्राफर यांत हाच फरक आहे. एकाला एक उत्तम फोटो पुरतो, दुसऱ्याला प्रत्येकाचा एक चांगला फोटो लागतो.

नंबर दिसला पाहिजे

आमच्या कापडाच्या धंद्यात ताका कितीही उंची असला तरी त्यावर लॉट नंबर नसेल तर गोदामात तो हरवल्यासारखाच. दौडीच्या फोटोचेही तसेच आहे. धावणाऱ्याच्या छातीवरचा नंबर, ज्याला बिब म्हणतात, तो वाचता आला नाही तर हजारो फोटोंतून त्या माणसाला आपला फोटो सापडणार कसा?

नंबराची किंमत जगाने १९६७ साली पाहिली. अमेरिकेतल्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्वित्झर ही तरुणी २६१ नंबर लावून धावत होती. बाईने धावू नये म्हणून एका अधिकाऱ्याने तो नंबर ओढून काढायचा प्रयत्न केला. तो क्षण फोटोत टिपला गेला आणि जगभर पोहोचला. त्या शर्यतीत स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळायला १९७२ साल उजाडले, पण २६१ हा नंबर आजही लोकांच्या लक्षात आहे.

आयोजकांशी बोलताना पुढील गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात.

१) नंबरचा कागद चकचकीत नसावा. चकाकीमुळे आकडा पांढरा पडतो. आकडे ठळक, काळे आणि मोठे असावेत.

२) नंबर समोर, छातीवर, चारही कोपऱ्यांना पिना लावून बसवावा. दोनच पिना असतील तर वाऱ्याने कागद दुमडतो.

३) ओढणी, हिजाब किंवा जाकीट यांखाली नंबर झाकला जातो. अशा भगिनींना तो कुर्त्यावर जरा खाली लावण्याची सूचना नंबर वाटतानाच द्यावी. फोटोच्या वेळी कोणाला कपडे सावरायला सांगणे बरे नव्हे.

४) सर्व कॅमेऱ्यांची घड्याळे शर्यतीच्या घड्याळाशी सेकंदापर्यंत जुळवावीत. नंबर दिसला नाही तरी अंतिम रेषेवरच्या वेळेवरून माणूस शोधता येतो.

उभे कुठे राहावे?

या दौडी बहुधा थंडीत, पहाटे असतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि तोही आग्नेय बाजूला. बोईसरहून तारापूर-चिंचणीकडे जाणारा रस्ता साधारण वायव्येला जातो. म्हणजे समुद्राकडे धावणाऱ्याच्या पाठीवर ऊन येते आणि चेहरा काळा पडतो. तोच माणूस परत फिरला की ऊन तोंडावर येते. पालघरहून माहीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरही जाताना ऊन मागून आणि येताना समोरून, असाच प्रकार आहे. म्हणून या भागात परतीच्या वाटेवर उभे राहावे. आदल्या दिवशी त्याच वेळी जागा पाहून यावी.

मागे काय दिसते तेही पाहावे. जाहिरातीचे फलक आणि उभी वाहने यांपेक्षा ताडाची रांग केव्हाही चांगली. औद्योगिक वसाहतीत ट्रक-टँकरची ये-जा असते, तेव्हा रस्त्याच्या मधोमध बसू नये. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या बाजूला कॅमेरा रोखू नये, आणि परवानगीशिवाय ड्रोन उडवण्याचा विचारही करू नये.

उभ्याने फोटो काढला तर माणूस बुटका दिसतो. गुडघ्यावर बसून कॅमेरा त्याच्या कमरेच्या उंचीवर ठेवला की तोच माणूस उंच आणि जोमदार दिसतो.

कॅमेऱ्याचे गणित

ताशी १० किलोमीटर वेगाने धावणारा माणूस एका सेकंदात सुमारे पावणेतीन मीटर पुढे जातो. शटर १/६० सेकंद उघडे राहिले तर तेवढ्यात तो साडेचार सेंटिमीटर सरकतो आणि आडवा जाताना फोटो पुसट येतो. १/१००० सेकंदात तो तीन मिलिमीटरही सरकत नाही. हातपाय अंगापेक्षा जास्त वेगाने हलतात, म्हणून उजेड असेल तर १/१००० ठेवावे आणि पहाटे १/५०० च्या खाली उतरू नये. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तरी हरकत नाही. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

दुसरी गोष्ट कापडाची. कॅमेरा आपोआप उजेड मोजतो, तेव्हा तो टी-शर्टाच्या रंगाला फसतो. पांढरा टी-शर्ट आला की फोटो काळपट आणि काळा आला की फिका. म्हणून उजेड चेहऱ्यावर मोजून मॅन्युअल ठेवावे आणि सूर्य वर चढेल तसा दर पाच-दहा मिनिटांनी बदलावे. आयोजकांनी अजून टी-शर्ट छापले नसतील तर भडक फ्लोरोसंट रंग टाळायला सांगावे. त्या रंगाची झाक हनुवटीवर आणि गालावर चढते.

तिसरी गोष्ट क्षणाची. धावताना माणसाचे दोन्ही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात. त्या क्षणी फोटो घेतला तर धावणे दिसते. पाऊल टेकल्यावर घेतला तर माणूस चालल्यासारखा वाटतो. हलत्या विषयावर सतत फोकस ठेवणारी सोय चालू करून प्रत्येकाचे तीन फोटो सलग घ्यावेत, त्यांतला एक नक्की साधतो.

माणसे किती लागतील?

समजा, एक हजार धावणारे आहेत आणि ते एका तासात आपल्यासमोरून जाणार आहेत. सरासरी मिनिटाला सतरा झाले. पण माणसे झुंडीने येतात, म्हणून गर्दीच्या वेळी दर दोन सेकंदाला एक धरावा. एका फोटोग्राफरला हे झेपत नाही. किमान दोघे, निरनिराळ्या जागी हवेत.

हजारांचे प्रत्येकी तीन म्हणजे तीन हजार फोटो. एका फोटोवरचा नंबर वाचून नोंदवायला पाच सेकंद धरले तरी चार तासांहून जास्त वेळ लागतो. दोन विद्यार्थी बसवले तर दोन-अडीच तासांत काम उरकते आणि त्यांनाही चार पैसे मिळतात. मोठ्या शर्यतींत हे काम आता संगणक करतो. लहान दौडीत माणसेच पुरतात, आणि नंबर दुमडलेला असला तरी माणसाची नजर तो ओळखते. नोंदणीआधी सर्व फोटोंच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. कार्ड लगेच पुसू नये.

फोटो त्याच संध्याकाळी मिळाले पाहिजेत. मोबाइलवाल्या दोस्ताने काढलेला फोटो सकाळीच सगळीकडे पोहोचलेला असतो. आठवड्याने दिलेल्या उत्तम फोटोला गिऱ्हाईक उरत नाही.

पैसा कोणाकडून घ्यावा?

याचे तीन मार्ग आहेत. पहिला, धावणाऱ्याला फोटो विकणे. मोठ्या शहरात हे चालते. आपल्याकडे खपाची खात्री नाही आणि गरीब माणूस आपल्या पावतीला मुकतो. दुसरा, आयोजकांकडून ठोक रक्कम घेणे. यात खात्री आहे, पण जमलेल्या निधीतूनच पैसे जात असतील तर ते मनाला पटत नाही. तिसरा, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याने किंवा बाजारातल्या व्यापाऱ्यांनी मिळून खर्च उचलणे. फोटोच्या कोपऱ्यात त्यांचे नाव यावे आणि धावणाऱ्याला फोटो मोफत मिळावा. आमच्या मते पालघर-बोईसरसाठी हाच मार्ग योग्य आहे. दोन फोटोग्राफर, दोन मदतनीस, प्रवास आणि कॅमेऱ्याची झीज असा साधा हिशेब मांडून रक्कम आधी सांगावी.

आपली मेहनत फुकट द्यायची असेल तर खुशाल द्यावी, पण तसे आधी सांगून द्यावी. फोटोविक्रीतला काही भाग संस्थेला देणार असाल तर तो किती, हे फलकावर स्पष्ट लिहावे आणि त्या पैशाचा हिशेब वेगळा ठेवावा. 'उत्पन्न चांगल्या कामासाठी' एवढेच लिहून मोकळे होणे हा गिऱ्हाइकाशी सरळ व्यवहार नव्हे. धर्मादाय पैसा ही अमानत आहे. ती गल्ल्यात मिसळली की नियत साफ असूनही बोट दाखवायला जागा राहते.

लेखी काय असावे?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा पहिला मालक फोटोग्राफर असतो. पण कोणी मोबदला देऊन त्याच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास मालकी त्या मोबदला देणाऱ्याची होते. म्हणून फोटो जाहिरातीत कोण वापरणार आणि किती काळ वापरणार, हे एका कागदावर लिहून सह्या घ्याव्यात.

दुसरा मुद्दा संमतीचा. प्रवेश अर्जातच फोटो काढले जातील असे नमूद असावे आणि नको म्हणणाऱ्याला वेगळ्या रंगाचा नंबर द्यावा. अनेक भगिनी सर्वांसमोर फोटो लावलेला पसंत करत नाहीत, त्यांचा फोटो फक्त त्यांनाच पाठवावा. मुलांच्या बाबतीत जास्त जपावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. दमून खाली बसलेल्या किंवा चक्कर आलेल्या माणसाचा फोटो मात्र काढूच नये. आधी पाणी द्यावे, स्वयंसेवकाला हाक मारावी.

ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी पहिल्या मोठ्या दौडीची वाट पाहत बसू नये. रविवारी सकाळी रस्त्यावर धावणाऱ्या ओळखीच्या मंडळींना विचारून सराव करावा आणि फोटो त्यांना भेट द्यावेत. शंभर माणसांच्या शाळेच्या दौडीत सर्वांचे फोटो संध्याकाळपर्यंत नंबरवार देता आले, की मग हजारांच्या दौडीचे काम हाती घ्यावे. आणि काम घेतले की अंतिम रेषेवरून शेवटचा माणूस पार होईपर्यंत कॅमेरा पिशवीत ठेवू नये.