पावसाळ्यांतील परसबाग

मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणजे आपल्या खेड्यांतून घरोघरीं राखेंत राखून ठेवलेलें बीं बाहेर निघतें. कोणी वेलांसाठीं मांडव घालतो, कोणी दारापुढें झेंडू व तेरडा पेरतो. परंतु श्रावण सरतां सरतां पाहावें तों पुष्कळांच्या परसांत फारसें कांहीं उरलेलें नसतें, आणि "यंदां पाऊसच फार झाला" असें म्हणून सारा दोष आकाशास दिला जातो. हा दोष सर्वस्वीं आकाशाचा नाहीं, कांहीं अंशीं आपल्या कुदळीचाहि आहे, हें वाचकांच्या लक्षांत आणून देण्यासाठीं आजचा पाठ आहे.

१. रोप मान कां टाकतें?

प्रथम आमचीच चूक सांगतों. एके वर्षीं आम्हीं मिरचीचें बीं सपाट वाफ्यांत टाकलें. रोपें बोटभर वाढलीं, तोंच तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशीं ऊन पडलें आणि रोपांनीं माना टाकल्या. तीं तहानेलीं आहेत असें समजून आम्हीं त्यांस आणखी पाणी घातलें! दोन दिवसांत सारा वाफा आडवा झाला, आणि त्या वर्षीं आम्हांस तिखटाची मिरची विकत घ्यावी लागली.

चूक कोठें झाली? मातीच्या कणांमध्यें बारीक पोकळ्या असतात व त्यांत हवा खेळते. झाडाचीं मुळें ह्या हवेवर श्वास घेतात. पोकळ्या पाण्यानें भरून राहिल्या म्हणजे मुळें गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळांस पाणी वर ओढून घेण्याची शक्ति राहत नाहीं. म्हणजे झाड पाण्यांत उभें राहून तहानेनें मरतें. त्यांतच ओल्या मातींतील बुरशी कोवळ्या देठास जमिनीलगत धरते. देठ तेथें बारीक होतो व रोप कोलमडतें. ह्यास्तव पावसाळ्यांत माळ्याचें पहिलें काम पाणी घालणें नव्हे, तर पाणी काढून देणें हें होय.

२. पाण्यास वाट करून द्यावी

आपल्या परसांत एक हात खोल खड्डा खणून संध्याकाळीं तो पाण्यानें भरावा. सकाळीं पाणी तसेंच दिसलें, तर त्या जागीं सपाट वाफा करूं नये. देशावरील काळी जमीन फुगते व पाणी धरून ठेवते. तींत कुजलेलें शेणखत व थोडी वाळू मिसळावी. कोंकणांतील तांबड्या जमिनींतून पाणी लवकर निघून जातें, पण त्याबरोबर खताचा कसहि वाहून जातो; म्हणून तेथें खत एकदम न घालतां थोडें थोडें करून अनेक वेळां द्यावें.

रोपांसाठीं गादीवाफा करावा. त्याची रुंदी १ मीटर, उंची १५ ते २० सेंटिमीटर व लांबी सोयीप्रमाणें असावी. मध्य किंचित् उंच ठेवून दोहों बाजूंस चर काढावे. बीं ओळींनीं व विरळ पेरावें; दाट रोपांत वारा खेळत नाहीं. जेथें पाणी हटतच नाहीं, तेथें मोरीच्या कडेस अळू व कर्दळ लावावी. हीं दोन्हीं ओल्या जागेंत सुखानें वाढतात.

३. वेलास फूल येतें, फळ कां येत नाहीं?

दोडका, दुधी, कारलें, लाल भोपळा ह्यांच्या एकाच वेलावर नर व मादी अशीं दोन प्रकारचीं फुलें येतात. मादी फुलाच्या मागें इवलेंसें फळ असतें. नर फुलामागें नुसता देठ असतो. नराचा पराग मादीकडे नेण्याचें काम मधमाशा करतात, पण झडीच्या दिवसांत त्या बाहेर पडत नाहींत. मग तीं इवलीं फळें पिवळीं पडून गळतात. अशा वेळीं हें काम आपण करावें. नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्या व पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच लावावा. भोपळ्याचीं व कारल्याचीं फुलें सकाळीं, तर दोडक्याचीं व दुध्याचीं संध्याकाळीं उमलतात, हें ध्यानांत ठेवावें.

४. ओलीं पानें व बुरशी

पानें रात्रंदिवस ओलीं राहिलीं म्हणजे काय अनर्थ होतो, हें आयर्लंडनें पाहिलें. तेथील गरीब लोक जवळजवळ बटाट्यावरच जगत असत. १८४५ सालच्या ओल्या हंगामांत त्या पिकावर करपा पडला, तो पुढील वर्षींहि परतला, आणि १८५२ पर्यंत सुमारें दहा लाख माणसें भुकेनें व रोगानें मेलीं. एकाच पिकावर सारा भरंवसा ठेवूं नये, हा त्यांतील एक धडा. भेंडी, गवार, काकडी, वांगें, अळू असें थोडें थोडें सर्व लावावें.

बुरशीवरील उपाय पुढें फ्रान्स देशांत सांपडला. रस्त्यालगतचीं द्राक्षें वाटसरूंनीं खाऊं नयेत म्हणून बोर्दो प्रांतांतील मळेवाले वेलांवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्याच वेली रोगापासून वांचतात असें मिलार्दे नांवाच्या प्राध्यापकांनीं पाहिलें व १८८५ सालीं हा उपाय प्रसिद्ध केला.

त्याचें प्रमाण असें: १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यांत, १० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यांत, निरनिराळ्या मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळावा. मग मोरचुदाचें पाणी चुन्याच्या निवळींत न ओततां ढवळलेल्या चुन्याच्या पाण्यांत ओतावें. त्यांत लोखंडी पातें बुडवून पाहावें. तांबूस थर चढला तर आणखी चुना घालावा. हें मिश्रण त्याच दिवशीं रोपवाफ्यांत वापरावें. कोवळ्या वेलांवर घालूं नये, पानें करपण्याचा संभव असतो. मोरचूद विष आहे. तें मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.

५. फुलांविषयीं

फुलें म्हणजे केवळ शोभा नव्हे. झेंडूचीं मुळें जमिनींतील सूत्रकृमींस आळा घालतात, म्हणून वांगीं व मिरची ह्यांच्या मधून तो लावावा. आषाढांत लावून महिन्याभरानें शेंडा खुडला, तर बगलफांद्या फुटून दसऱ्याच्या सुमारास भरपूर फूल येतें, आणि त्या दिवसांत बाजारांत त्यास मागणीहि असते.

आतां आपल्या परसांत जाऊन पाहावें. पावसाची एक सर येऊन गेल्यावर पाणी कोठें थांबतें, तेथें काठीनें खूण करावी. यंदांची बाग त्या खुणेपासूनच सुरू होते.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. ओल्या मातींत उभें असलेलें रोप मान कां टाकतें?
२. आपल्या परसांतील जमीन पाणी धरणारी आहे कीं सोडणारी, हें कसें ओळखाल?
३. झडीच्या दिवसांत वेलास फळ धरावें म्हणून काय कराल?