दुसरा बाण : शेतकरी व शेतमजूर कुटुंबांसाठी एक पाठ



हा पाठ शेतीवर व शेतमजुरीवर पोट असणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. विहारात तो मोठ्याने वाचावा. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना मुलांनी घरी वाचून दाखवावा. विषय जड आहे, पण टाळण्याजोगा नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. सरकारच्या गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी आत्महत्या केली. त्यांत ५,२०७ शेतकरी होते आणि ६,०८३ शेतमजूर. यांपैकी ४,२४८ माणसे एकट्या महाराष्ट्रातली. मजुरांचा आकडा शेतकऱ्यांहून मोठा आहे, हे ध्यानात घ्या. आपल्यात सातबारा नावावर असणारे थोडे. मजुरी करणारे, बटाईने करणारे आणि गायरान कसणारे पुष्कळ. म्हणून ही गोष्ट दुसऱ्याच्या घरची समजू नका.

दुःखाला कारण असते

दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे, हे आपण धम्माच्या पहिल्याच पाठात शिकलो. ते येथे लावून पाहा. जमीन नावावर नाही, म्हणून बँकेचे पीककर्ज नाही. कर्ज नाही म्हणून बियाणे-खत कृषी केंद्रातून उधारीवर, नाही तर सावकाराच्या पैशावर. पाऊस हुकला की दुबार पेरणी. पीक आले तर भाव पडलेला. त्यातच मुलीचे लग्न किंवा घरात दुखणे. अशा एकात एक अडकलेल्या कारणांनी माणूस खचतो. यात कोठेही त्याचे नशीब नाही आणि मागल्या जन्मीचे पाप तर नाहीच.

बाबासाहेबांनी शेतकऱ्याला नशिबाला बोल लावायला शिकवले नाही. १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. बाहेरच्या कारणांशी लढा द्यायचा तो असा, संघटनेने. पण लढणारा माणूस आधी जिवंत आणि धड राहिला पाहिजे. आजचा पाठ त्याविषयी आहे.

दोन बाण

संयुत्त निकायात तथागतांनी दिलेला एक दृष्टान्त आहे. एका माणसाला बाण लागतो. त्याच्या वेदनेत तो तळमळत असतानाच त्याला दुसरा बाण लागतो. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा आणि दुसरा मनाच्या तळमळीचा.

आपल्या शेतात पाहा. कपाशीत बोंडअळी पडली, हा पहिला बाण. “मीच नालायक, गावात तोंड दाखवायची सोय नाही, मी नसलो तर घर सुटेल,” हा दुसरा. पहिला बाण पिकाचे नुकसान करतो, दुसरा माणूस नेतो.

येथे एक चूक होते, ती मोकळेपणाने सांगितली पाहिजे. दीक्षा घेतल्यावर आपण भगताचा उंबरा आणि अंगारा-धुपारा सोडला, हे योग्यच केले. पण त्या जागी आपण काय आणले? घरातला एखादा खचला की आपण म्हणतो, “बाबासाहेबांचा माणूस असून रडतोस? धम्म शिकलास तो कशाला?” बोलणाऱ्याला वाटते, आपण धीर दिला. ऐकणारा मात्र त्या दिवसापासून बोलायचेच बंद करतो. आधी त्याला भुताची भीती घातली जात होती, आता लाज घातली जाते. गप्प तो दोन्ही वेळा बसतो.

तथागतांनी काय केले ते आठवा. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी त्याला उपदेश केला नाही. त्यांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर निजवले आणि मग संघाला आजाऱ्याच्या सेवेचा धडा दिला. मनाचा आजारही आजारच आहे. रुतलेला बाण ज्याचा त्याला नेहमीच काढता येत नाही. दुसऱ्याचा हात लागतो.

ओळखायचे कसे?

चिंता सर्वांना असते. पण पुढील गोष्टी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्या तर सावध व्हा : रात्री झोप नाही किंवा पहाटे फार लवकर जाग, जेवणावरून मन उडणे, शेताकडे, गुराढोरांकडे फिरकावेसे न वाटणे, क्षुल्लक कारणावरून संताप, डोके जड, छातीत धडधड, अंग दुखणे आणि तपासणीत काही न सापडणे, दारू वाढणे, चारचौघांत बसणे टाळणे. “माझे ओझे झाले आहे,” असे बोलणे, किंवा एकाएकी निरवानिरव करू लागणे, हे सर्वांत गंभीर समजा. बाईमाणसांतही हेच दिसते. फक्त त्यांचे दुखणे कामाच्या रगाड्यात कोणी विचारत नाही.

घरच्यांनी काय करावे?

पहिले, शेजारी बसा आणि ऐका. हिशोब विचारू नका, चुका काढू नका.

दुसरे, शंका आली तर स्पष्ट विचारा : “जीव द्यावा असे मनात येते का?” विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो, ही समजूत खोटी आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका.

तिसरे, फवारणीची औषधे घरात हाताशी ठेवू नका. कुलपात ठेवा व किल्ली दुसऱ्याकडे द्या. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. तो क्षण टळला की पुष्कळ माणसे वाचतात.

चौथे, डॉक्टरांकडे न्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस दूरध्वनी २०२२ पासून चालू आहे. तो विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. औषध दिले तर गुण यायला काही आठवडे लागतात. मनाने बंद करू नका. पोलिसांच्या भीतीने कोणी लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरले जाते आणि त्याच्यावर उपचार करणे ही सरकारची जबाबदारी ठरते.

स्वतः शेतकऱ्याने काय करावे?

कर्जाचा आकडा एकट्याने वाहू नका. कोणाचे किती देणे, ते पत्नीला व मोठ्या मुलांना कागदावर लिहून दाखवा. अंधारात कर्ज मोठे दिसते. सावकार विनापरवाना असेल तर २०१४ च्या कायद्याने तो गुन्हेगार आहे. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते.

झोप व दोन वेळचे जेवण चुकवू नका. दारूने रात्र जाते, पण सकाळ अधिक काळी उगवते. पंचशीलातील पाचवे शील मनाच्या आरोग्याचेही शील आहे. सकाळी कामाला जाण्याआधी दहा मिनिटे शांत बसून येणारा-जाणारा श्वास पाहा. याने कर्ज फिटत नाही, पण डोके ताळ्यावर राहते. मात्र बसल्यावर वाईट विचार वाढत असतील तर ओढून बसू नका. उठा आणि कोणाशी तरी बोला.

विहाराचे काम

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत एक उपक्रम झाला. त्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले आणि त्यांनी घरोघर, बैठकीत या आजाराविषयी बोलणे सुरू केले. आधी नैराश्याच्या शंभर रुग्णांत मदत घेणारे चारच होते. दीड वर्षात ते सत्तावीस झाले. हे बोलण्याचे काम आपल्या विहारातही होऊ शकते.

प्रत्येक पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास राखून ठेवा. कोणाचे पीक गेले, कोण विहारात यायचे थांबले, याची विचारपूस करा. जो दोनदा आला नाही त्याच्या घरी दोघांनी जावे. उपदेश घेऊन जाऊ नये, चहा प्यायला जावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. पहिला बाण कोणता व दुसरा कोणता? तुमच्या गावातील उदाहरण नाव न घेता सांगा.
२. खचलेल्या माणसाला धम्माच्या नावाने लाजवणे का चूक आहे?
३. आजारी भिक्खूच्या प्रसंगातून शेजाऱ्याचे कोणते कर्तव्य निघते?
४. तुमच्या घरात फवारणीचे औषध आज कोठे आहे? हा पाठ संपल्यावर घरी जाऊन पाहा.

जयभीम.