आज्ञावली अडते तेव्हा : विंडोजवरील सॉफ्टवेअरमधील नेहमीचे दोष व त्यांचा शोध

संगणकावरील एखादी आज्ञावली ती लिहिणाऱ्याच्या टेबलावर बिनचूक चालते आणि प्रत्यक्ष वापराच्या ठिकाणी पोचताच अडते, हा अनुभव अनेक कार्यालयांच्या व शाळांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी संगणक बिघडला किंवा त्यात व्हायरस शिरला, असे म्हणून विषय संपविला जातो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा यंत्रात नसतो. आज्ञावली लिहिताना जी गोष्ट गृहीत धरलेली असते, ती वापराच्या ठिकाणी खरी नसते, एवढेच घडलेले असते. हे चुकलेले गृहीत हुडकून काढणे म्हणजेच दोषशोधन होय.

विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ साली आली. तेव्हापासून तिच्यात अनेक बदल झाले. तथापि नेहमी आढळणारे दोष मोजक्याच प्रकारचे आहेत. ते समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. संगणकाची आवड असलेल्या एखाद्या शिक्षकाने आपल्या गावच्या ग्रामपंचायतीसाठी घरपट्टी व पाणीपट्टीची नोंद ठेवणारी आज्ञावली तयार केली आहे, अशी कल्पना करावी.

दोषांचे तीन वर्ग

पहिला वर्ग लेखनातील चुकांचा. कंस राहिला, शब्द चुकला, तर आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपाइलर त्या ओळीवरच बोट ठेवतो. दुसरा वर्ग चालू असताना उद्भवणाऱ्या दोषांचा. फाइल सापडत नाही, प्रिंटर जोडलेला नसतो आणि आज्ञावली संदेश देऊन थांबते. तिसरा वर्ग विचारातील चुकांचा. येथे आज्ञावली थांबत नाही, संदेशही देत नाही. फक्त उत्तर चुकीचे देते. पहिल्या दोन वर्गांतील दोष त्रासदायक असतात, तिसऱ्यातील दोष धोक्याचे असतात. चुकीची थकबाकी दाखविणारी पावती दिसायला बरोबर पावतीसारखीच असते.

गोठलेली खिडकी

वर्षाची मागणी यादी काढण्याचे बटन दाबले की खिडकी फिकट होते आणि वरच्या पट्टीवर ‘प्रतिसाद देत नाही’ अशा अर्थाची सूचना उमटते, ही तक्रार सर्वांत सामान्य आहे. प्रत्येक क्लिक, कळफलकावरील प्रत्येक कळ आणि पडदा पुन्हा रंगविण्याची सूचना विंडोज एका रांगेत लावून ठेवते. खिडकी सांभाळणारा कामाचा धागा, ज्याला थ्रेड म्हणतात, या रांगेतील निरोप एकामागून एक उचलतो. त्याच धाग्यावर हजारो नोंदींची बेरीज सोपविली तर निरोप उचलण्यास कोणीच उरत नाही. सुमारे ५ सेकंद हे असेच चालले की विंडोज ती खिडकी अडकली असे मानते. घाबरून संगणक बंद केल्यास अर्धवट झालेली नोंद बिघडण्याचा संभव असतो.

यावरील उपाय म्हणजे लांबणारे काम वेगळ्या थ्रेडवर सोपविणे. परंतु येथे नवशिके आणखी एका ठिकाणी अडखळतात. पडद्यावरील चौकटी व बटने ज्या थ्रेडने निर्माण केली, त्यानेच ती बदलावी असा विंडोजचा दंडक आहे. मागे काम करणाऱ्या थ्रेडने निकाल स्वतः चौकटीत लिहू नये. तो मुख्य थ्रेडकडे सुपूर्द करावा. डॉटनेटमध्ये यासाठी ‘इन्व्होक’ ही सोय आहे.

जागा आणि परवानगी

शिक्षकाच्या संगणकावर नोंदवहीची फाइल ज्या फोल्डरात होती, तो फोल्डर ग्रामपंचायतीच्या संगणकावर असेलच असे नाही. म्हणून फाइलचा ठावठिकाणा आज्ञावलीत कायमचा लिहून ठेवू नये. तो विंडोजलाच विचारावा.

परवानगीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. २००७ साली सर्वांसाठी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून, सामान्य वापरकर्त्याच्या अधिकाराने चालणाऱ्या आज्ञावलीला ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरात लिहिता येत नाही. जुन्या धाटणीच्या ३२-बिट आज्ञावल्या बंद पडू नयेत म्हणून विंडोज त्यांचे लेखन गुपचूप त्या वापरकर्त्याच्या खाजगी फोल्डरात वळविते. परिणाम असा होतो की एकाच संगणकावर दोन कर्मचारी आपापल्या नावाने काम करीत असतील, तर प्रत्येकाला वेगळीच नोंदवही दिसते. एकाने वसूल केलेली पट्टी दुसऱ्याच्या पडद्यावर थकीतच राहते. आज्ञावली प्रशासकाच्या अधिकाराने चालविणे हा यावरील खरा उपाय नव्हे. सर्वांच्या सामाईक माहितीसाठी विंडोजने ‘प्रोग्रामडेटा’ हे वेगळे फोल्डर ठेवले आहे; तेथे आपल्या आज्ञावलीचे उपफोल्डर करून त्यावर लेखनाची परवानगी आज्ञावली बसवितानाच द्यावी.

‘आमच्याकडे चालते, तेथे चालत नाही’ याचे आणखी एक कारण म्हणजे सोबतच्या घटकांचा अभाव. आज्ञावलीला लागणारा सहायक भाग लिहिणाऱ्याच्या संगणकावर आधीपासून असतो, इतरत्र नसतो. तसेच ६४-बिट आज्ञावलीला ३२-बिट सहायक भाग आपल्यात सामावून घेता येत नाही. जुन्या ॲक्सेस फाइली वाचणारा ‘जेट’ हा घटक केवळ ३२-बिट आहे. त्यावर विसंबणारी आज्ञावली ६४-बिट करताच तो घटक सापडत नसल्याची तक्रार करू लागते.

मराठी अक्षरांचे काय होते?

महाराष्ट्रातील कार्यालयांच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. विंडोजमध्ये अक्षरे साठविण्याच्या दोन परंपरा नांदत आल्या आहेत. जुन्या परंपरेत प्रत्येक लिपीगटासाठी एक संकेतपट असे. देवनागरीला असा पट विंडोजने कधीच दिला नाही. विंडोज २००० मध्ये मराठीची सोय झाली ती युनिकोड या नव्या परंपरेतूनच. १९९८ सालच्या व्हिज्युअल बेसिक ६ मधील नेहमीच्या चौकटी मात्र जुन्या परंपरेच्या असल्याने त्यांत देवनागरी टिकत नाही.

पडद्यावर मराठी बिघडलेली दिसली, तर ती कशी बिघडली यावरून कारण ओळखता येते. अक्षरांच्या जागी पोकळ चौकोन दिसत असतील, तर माहिती सुरक्षित असते. केवळ योग्य फाँट नसतो. रोमन लिपीतील चिन्हांकित अक्षरांची विचित्र गर्दी दिसत असेल, तर युनिकोडमधील मजकूर जुन्या संकेतपटाने वाचला जात असतो. अशा वेळी तो मजकूर पुन्हा साठवू नये. योग्य रीतीने वाचल्यास तो बहुधा परत मिळतो. सरळ इंग्रजी अक्षरांची अर्थहीन जुळणी दिसत असेल, तर मजकूर युनिकोडपूर्व फाँटात टंकलेला असतो आणि त्याचे रूपांतर करावे लागते. परंतु ओळीने प्रश्नचिन्हेच साठविली गेली असतील, तर मूळ अक्षरे त्या फाइलमधून कायमची गेलेली असतात. खातेदाराचे नाव पुन्हा कागदावरूनच लिहावे लागते. म्हणूनच कागदी नोंदवही वा प्रत हाती असल्याखेरीज माहितीचे स्थलांतर करू नये.

अक्षरे मोजण्यातही चूक होते. ‘मराठी’ हा शब्द वाचणाऱ्याला ३ अक्षरांचा वाटतो. युनिकोडमध्ये म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी ५ चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठविल्यास १५ बाइट लागतात. नावासाठी जागा इंग्रजीच्या हिशेबाने ठेवल्यास आडनाव मध्येच तुटते.

तारीख आणि रक्कम

५ मार्च ही तारीख आपण ०५/०३ अशी लिहितो. संगणकाची मांडणी अमेरिकी ठेवलेली असेल तर तीच ३ मे अशी वाचली जाते. जुनी व्हिज्युअल बेसिक यापुढे जाऊन आणखी घोटाळा करते. १३/०३ मध्ये तेरावा महिना संभवत नाही हे पाहून ती तारीख मुकाट्याने बरोबर वाचते. परिणामी महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांच्या बहुतेक नोंदी उलटतात आणि तेराव्या दिवसापासूनच्या बरोबर राहतात. तपासणीसाठी ३१ मार्चची नोंद पाहणाऱ्यास दोष दिसतच नाही. तारीख साठविताना वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवणे आणि वाचताना तो क्रम स्पष्ट सांगणे, हा उपाय होय.

रकमेच्या बाबतीत, नेहमीची अपूर्णांक साठविण्याची द्विमान पद्धत ०.१ ही संख्यादेखील तंतोतंत धरू शकत नाही. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तीत ०.३ शी जुळत नाही. पैशांसाठी ‘डेसिमल’ हा प्रकार वापरावा किंवा सर्व हिशेब पूर्णांकी पैशांत ठेवावा.

शोधाची शिस्त

दोष शोधण्यापूर्वी माहितीची प्रत काढून ठेवावी. नंतर दोष हमखास घडवून आणणारा क्रम निश्चित करावा; जो दोष पुन्हा घडविता येत नाही, तो दूर झाला की नाही हेही सांगता येत नाही. एका वेळी एकच बदल करावा. आज्ञावली मध्येच थांबवून प्रत्येक पायरीला काय घडते ते पाहण्याची सोय डीबगरमध्ये असते. वापराच्या संगणकावर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ बंद पडलेल्या आज्ञावलीची नोंद दाखवितो, तर मायक्रोसॉफ्टचे ‘प्रोसेस मॉनिटर’ हे साधन आज्ञावलीने कोणती फाइल मागितली आणि कोणती तिला नाकारली गेली, ते सांगते.

एक मोह मात्र कटाक्षाने टाळावा. चूक आली तरी पुढे चालत राहा, अशी आज्ञा लिहून संदेश दडपता येतो. त्यामुळे तक्रार थांबते, दोष थांबत नाही; दुसऱ्या वर्गातील दोष तिसऱ्या वर्गात जातो, एवढेच.

वापरणाऱ्यांचा वाटा

दोषशोधनाचे निम्मे काम आज्ञावली वापरणाऱ्यांच्या हाती असते. ‘चालत नाही’ या दोन शब्दांवरून काहीच उमगत नाही. संदेश आला तो जसाच्या तसा उतरवून घ्यावा किंवा त्याचे छायाचित्र काढावे. त्याआधी कोणते बटन दाबले, कोणती नोंद उघडी होती, हे एकाच संगणकावर होते की सर्वांवर, आणि आदल्या दिवशीपर्यंत चालत असेल तर मध्यंतरी काय बदलले, या चार प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत. त्यासाठी संगणकाजवळ एक साधी वही पुरते. आज्ञावली स्वीकारण्यापूर्वीही तिची परीक्षा लिहिणाऱ्याच्या संगणकावर न घेता कार्यालयाच्या संगणकावर, सामान्य कर्मचाऱ्याच्या नावाने, जोडाक्षरे असलेली मराठी नावे आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यातील तारखा घालून घ्यावी. एवढी दक्षता घेतल्यास पावतीवरील नाव, तारीख आणि रक्कम बरोबर राहील. खातेदाराला कार्यालयाकडून हवे असते ते नेमके तेवढेच.